सातबारा कुणाच्या नावावर?

जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ काढली आणि ती गुलामी बंद करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, हे आमच्याकडं साताऱ्यात बऱ्याच जणांना माहीत असतं, घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं म्हटल्यावर अभिमान असणारच. पण त्याच साली तिकडं काय चाललेलं ते कोण बघत नाही. १३ एप्रिल १८७३, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुईझियाना राज्यातलं कोलफॅक्स. निवडणुकीच्या भांडणातून काळी माणसं कोर्टाच्या इमारतीत ठाण मांडून बसलेली, गोऱ्यांच्या टोळीनं हल्ला केला आणि शरण आलेल्यांनाही मारलं. म्हणजे गुलामीवरनं झालेली अमेरिकेतली उत्तर-दक्षिण यादवी लढाई संपून ८ वर्षं झालेली!

अर्पणपत्रिका चुकीची होती असं मी म्हणत नाही हां. जवळपास ४० लाख माणसं गुलाम होती, त्यासाठी ४ वर्षं युद्ध झालं, सहा लाखांच्या वर सैनिक गेले, १८६५ ला घटनादुरुस्ती होऊन गुलामी कायद्यानं संपली, हे काय छोटं काम नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की घोळ जमिनीत झाला.

जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या फौजेतल्या जनरल शर्मननं हुकूम काढला, दक्षिणेतली किनाऱ्यालगतची जमीन सुटलेल्या गुलामांना, घरटी ४० एकरापर्यंत. लोकांनी पेरलं, घरं बांधली. तेवढ्यात लिंकन गेले, जॉन्सन अध्यक्ष झाले आणि त्यांनी जुन्या मालकांना माफी देऊन जमिनी परत द्यायला लावल्या. त्याच किनाऱ्यावरच्या एडिस्टो बेटावर हे सांगायला सुटलेल्या गुलामांचं सरकारी खातं बघणाऱ्या जनरल हॉवर्डला पाठवलं, चर्चमध्ये लोक जमलेले, बिचाऱ्याला धड बोलता येईना. लोकांनी अर्ज लिहिले, उपयोग शून्य.

मग काय, त्याच मालकाची जमीन अर्धलीनं (पिकाच्या वाट्यावर) करायची. बियाणं, खत, खायचं धान्य उधारीवर, हिशोबाची वही मालकाकडं नाहीतर दुकानदाराकडं, आणि कापूस विकून झाला की अजून देणं बाकीच. आमचे आण्णा (आजोबा) कोरेगावकडं दुसऱ्याची जमीन खंडानं करायचे, तेव्हा सुगी झाली की पोती आधी वाड्यावर जायची, घरी काय उरेल ते. फरक एवढाच की आमच्याकडं कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक ठरला, हप्त्यानं किंमत भरली आणि जमीन आपली झाल्याचा ३२ म चा दाखला हातात पडला. तो कागद अजून ट्रंकेत आहे, आईला मी लॅमिनेट करूया म्हटलं तर हात लावू देत नाही. सगळ्याच कुळांना मिळाली असं नाही, कितीतरी जणांकडनं जमीन सोडल्याचे राजीनामे लिहून घेतले, ते वेगळंच रामायण.

आणि ती लढाई आपल्यापासून लांब नव्हती. तिकडचा कापूस अडकला म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांनी इकडचा उचलला, भाव चढला, सावकारांनी हात सैल सोडला, १८६५ ला लढाई थांबली तसा भाव पडला. कर्ज राहिलं. पुढं शेतसारा वाढला, आणि मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांचे कागद जाळले, त्याचं लोण साताऱ्यापर्यंत आलं.

भरपाई कुणालाच मिळाली नाही असं मात्र नाही बरं का. १८६२ ला वॉशिंग्टन शहरात गुलाम मोकळे केले तेव्हा सरकारनं एकेका गुलामामागं ३०० डॉलरपर्यंत पैसे मोजले, मालकाला! आणि गुलामाला? १०० डॉलरपर्यंत, तेही देश सोडून जात असशील तर.