पातळ विष्ठा, पिवळं काळीज आणि बारीक जाळी: आमच्या लेअर कोंबड्यांचा माझा अनुभव

मागच्या महिन्याभरात आमच्या भागातल्या तीन-चार जणांनी मला एकच विचारलं, कोंबड्या पातळ हगतायत, अंडी घाण निघतायत, कुठलं औषध देऊ. मी पण दीड महिना हाच प्रश्न घेऊन फिरत होते, म्हणून जे झालं ते सगळं लिहून टाकते.

आमचं शेड निफाड तालुक्यात, द्राक्षबागेच्या बांधाला लागून. ६२० लेअर म्हणजे अंड्यांसाठीचे पक्षी, पिंजरे नाहीत, खाली भाताचा तूस. फीड घरीच बनवतो. मका घरची, सोया पेंड आणि बाकीचं विकत, आणि भरडायला गावातल्या मिलवर नेतो. एक पक्षी दिवसाला ११०-११५ ग्रॅम खातो म्हणजे रोजचे ७० किलो झाले. दिवाळीपर्यंत रोज ५४० च्या वर अंडी निघत होती, ८७-८८ टक्के प्रॉडक्शन, काहीच तक्रार नव्हती.

मागच्या वर्षी परतीच्या पावसानं मका शेतात उभी असतानाच भिजली. सोंगून, मळून घरात आली तेव्हा दाणा वरून बरा दिसत होता पण आतून ओला होता, आणि जुनी मका संपलेली, म्हणून दोन दिवस अंगणात पसरून लगेच वापरायला काढली. त्याच आठवड्यात मिलवाल्यानं भरड्याच्या मशीनची जाळी बदलली, आधी ८ एमएम भोकांची होती ती जाऊन ३ ची बसवली, कारण जनावरांच्या खुराकाला लोकांना बारीक भरडा लागतो. फीड एकदम पिठासारखं यायला लागलं. नाना म्हणजे माझे सासरे म्हणाले बरंच झालं, बारीक आहे तर पचायला सोपं जाईल. मलाही ते पटलं. लहान लेकराला आपण मऊ भात कालवून देतोच की, तसंच वाटलं.

आठ-दहा दिवसांत तूस ओला व्हायला लागला. सकाळी शेडचं दार उघडलं की अमोनियाचा असा वास यायचा की डोळ्यांत पाणी. अंड्यांवर विष्ठेचे डाग, ट्रेमधली निम्मी अंडी पुसूनच द्यावी लागायची, आणि कवच इतकं पातळ की ट्रे उचलताना रोज आठ-दहा फुटायची. पाण्याची टाकी आधी दिवसाला १४०-१५० लिटर रिकामी व्हायची ती २०० वर गेली. कोंबडी साधारण खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, त्यामुळे हा आकडा बघूनच मला काहीतरी बिघडलंय हे कळायला पाहिजे होतं, पण तेव्हा माझं लक्ष सगळं औषधांवर होतं.

फीडच्या दुकानातून एक अँटिबायोटिकची पावडर आणली, पाच दिवस पाण्यातून दिली. चार दिवस विष्ठा थोडी घट्ट झाली आणि परत तेच. मग दुसरी पावडर. मग जंताचं औषध. दोन महिन्यांचं औषधाचं बिल एका महिन्यात झालं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंडी ४१५ वर आली. रोज एक-दोन पक्षी मरायला लागले तेव्हा मात्र ह्यांनी नाशिकहून डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर आले, शेडमध्ये गेले आणि पाच मिनिटं नुसते उभे राहिले. नंतर म्हणाले, "ताई, औषधाचं नंतर बोलू, आधी मला फीड दाखवा." फीडरमधलं मूठभर फीड तळहातावर घेतलं आणि फुंकर मारली. निम्म्याच्या वर उडून गेलं. मग मक्याचं पोतं उघडायला लावलं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि आतले दाणे बाहेर काढले. वरचे दाणे पिवळे होते, आतल्या काही दाण्यांच्या टोकाला हिरवट-काळी बुरशी. वास घेऊन बघा म्हणाले, तळघरासारखा कोंदट वास येत होता. हेच पोतं मी रोज वरून उपसत होते.

त्या सकाळी मेलेली कोंबडी कडुनिंबाखाली गोणपाटावर ठेवून त्यांनी कापली. ते मी आयुष्यात विसरणार नाही, कारण मी इतकी वर्षं कोंबड्या सांभाळते पण आत काय असतं ते कधी नीट बघितलंच नव्हतं. काळीज म्हणजे यकृत लालसर-तपकिरी असायला पाहिजे ते फिकट पिवळं, फुगलेलं, बोट दाबलं तर लगेच फाटायचं. पेठा, म्हणजे दाणा रगडणारं जाड पोट, आपण कलेजी-पेठा म्हणतो तो, माझ्या हातात दिला. मऊ, ढिला, रिकाम्या पिशवीसारखा. आतलं पिवळं अस्तर दोन ठिकाणी भेगाळलेलं. आणि आतडं इतकं पातळ की आतला फेस बाहेरून दिसत होता, कापलं तर फेसाळ पाणी आणि त्यात मक्याचं पीठ जसंच्या तसं.

मग त्यांनी जे समजावून सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. कोंबडीला दात नाहीत, पेठा हेच तिचं जातं. दाणा भरड असला तर पेठ्याला काम लागतं, तो दाणा रगडतो, खाद्य तिथं थांबतं, आम्लात मुरतं, थोडं मागे ढकललं जाऊन परत खाली येतं, आणि मगच आतड्यात जातं. त्या आम्लात बरेचसे वाईट जंतूही मरतात. पीठच आलं तर पेठ्याला कामच राहत नाही, खाद्य सरळ खाली निसटतं आणि पेठा लहान, ढिला होत जातो. आतड्याच्या आतून मखमलीसारखी लव असते, अन्न तीच शोषून घेते, पण अर्धवट खाद्य किती शोषणार. न पचलेलं खाली उरतं, त्यातलं काही मागच्या दोन आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या, आतड्यांतही जातं, आणि आतड्यातले जंतू त्यावर पोसतात, विशेषतः न पचलेलं प्रोटीन मिळालं की क्लॉस्ट्रिडियमसारखे जंतू फोफावतात, गॅस होतो, फेस येतो, आतड्याला सूज येते. वर बुरशीचं विष. अफ्लाटॉक्सिन नावाचं हे विष काळजावर घाव घालतं आणि पक्ष्याची रोगाशी लढायची ताकद कमी करतं. आणि कवच पातळ का, तर एका अंड्याच्या कवचाला दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम लागतं आणि ते आतड्यातूनच शोषलं जातं, आतडंच आजारी असेल तर शिंपले कितीही टाका.

मी विचारलं मग अँटिबायोटिकनं चार दिवस फरक का पडला. ते म्हणाले वाईट जंतू थोडे दबले, पण चांगले पण मेले, आणि कारण जागेवरच. शिवाय त्याचा अंश अंड्यात जाऊ शकतो. सरकारनं २०१९ मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर जनावरं-कोंबड्यांसाठी बंदी घातली ती यासाठीच, की माणसाला दुसरी औषधं लागू पडत नाहीत तेव्हा शेवटी कामाला येणारं औषध निकामी होऊ नये. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, तीच अंडी माझी मुलं पण खात होती.

राहिलेल्या मक्याचं काय करायचं यावर घरात वाद झाला. चौदा क्विंटल होती. नाना म्हणाले गायींना घालू. डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाले, ते विष गाईच्या दुधात उतरतं. उन्हात वाळवली तर पुढची बुरशी थांबते पण तयार झालेलं विष जात नाही, शिजवून पण जात नाही. सहा क्विंटल एकदम खराब होती ती खड्ड्यात पुरली. नानांनी दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं केलं नाही, पीक त्यांच्या हातचं होतं. बाकीची फुटके-काळे दाणे चाळून वेगळी केली, चांगली वाळवली, आणि तीही निम्मीच वापरली. निम्मी मका लासलगावहून आणली, व्यापाऱ्याकडे मशीनवर ओल मोजून घेतली, १३ टक्क्यांच्या आत असेल तरच भरली.

मिलवाल्याला विनंती करून आमच्या भरड्याच्या दिवशी ८ ची जाळी लावून घेतली. फीड १०० किलोला मका ५६, सोया पेंड २४, भाताचा कोंडा ८, चुनखडी आणि शिंपले मिळून साडेनऊ, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १, मीठ ३०० ग्रॅम, बाकी प्रिमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण), मिथिओनिन (अमिनो आम्ल) आणि बुरशीचं विष धरून ठेवणारा टॉक्सिन बाइंडर. बाइंडर अफ्लाटॉक्सिनला चांगला धरतो पण बुरशीच्या सगळ्याच विषांना नाही, म्हणून बाइंडर आहे तर सडकी मका चालेल असं कुणी समजू नका. घोटीच्या राइस मिलवरून कोरडा स्वच्छ तूस आणून तो पण १०० किलोला दोन किलो मिसळला. तुसात पोषण काही नाही, पण न विरघळणारा तंतू आहे, पेठ्याला रगडायला काहीतरी मिळतं. शिंपल्याचा जाड चुरा संध्याकाळी वेगळा टाकायला लागले, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होतं आणि जाड चुरा पेठ्यात रेंगाळून हळूहळू विरघळतो.

जुन्या फीडवरून नवीनवर एकदम नाही गेलो, आठ दिवस थोडं थोडं वाढवत नेलं. पाण्याच्या पाइपमध्ये आत बुळबुळीत थर होता तो पूर्ण धुऊन काढला. अँटिबायोटिक बंद, आणि डॉक्टरांनी दिलेलं प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जंतूंची पावडर, तीन आठवडे. जुना ओला तूस सगळा काढला.

आणि रोज पहाटे बॅटरी घेऊन विष्ठा बघायची सवय लावली. पक्षी रात्री ज्या आडव्या बांबूंवर बसतात त्याखाली रात्री गोणपाट टाकायचं आणि सकाळी मोजायचं, किती घट्ट, किती पातळ. चांगली विष्ठा म्हणजे घट्ट गोळा, वर पांढरी टोपी. मधेच एखादी चॉकलेटी, चिकट, घाण वासाची असते, ती आंधळ्या आतड्यातली, पक्षी दिवसातून एक-दोनदा तशी टाकतो, तिला घाबरायचं नाही. मी आधी तीच बघून औषध ओतायचे. घाबरायचं ते फेस, नारिंगी शेंबडासारखं, रक्त, किंवा त्यात खाद्य तसंच दिसलं तर.

पहिले बारा दिवस काहीच फरक नाही. उलट त्या आठवड्यात थंडी वाढली, निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा रोज पेपरात यायचा, थंडीत पक्षी जास्त खातात पण अंडी वाढत नव्हती, आणि ह्यांचं म्हणणं पडलं की एकदा ती पावडर परत देऊन बघू. मी नाही दिली. तेराव्या-चौदाव्या दिवशी शंभरातल्या साठ विष्ठा घट्ट मोजल्या, मग सत्तर, मग ऐंशीच्या वर. टाकी १६० लिटरवर आली. अंडी सगळ्यात शेवटी सुधारली, जानेवारीच्या शेवटी ५०५, फेब्रुवारीत ५२० च्या आसपास थांबली. मधल्या काळात गेलेले १९ पक्षी गेलेच.

मार्चमध्ये एक लंगडी कोंबडी काढली, ती घरीच कापली. मी आधी पेठा हातात घेतला. टणक होता, मुठीत दाबला तर दबेना, आत शिंपल्याचे तुकडे आणि तुसाची काडी, अस्तर अखंड पिवळं. काळीज पण रंगाला आलेलं. नानांना दाखवला, त्यांनी हातात घेऊन दाबून बघितला आणि म्हणाले, या वर्षी मका वाळल्याशिवाय घरात घ्यायची नाही. आता ताडपत्री आणि ओल मोजायचं छोटं मशीन दोन्ही घेऊन ठेवलंय, सोंगणीला अजून महिना आहे.