युतीची जागा

मी इंदूरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. रामबागेत राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सुमारे ४० प्रकाशवर्षे दूर असलेला ट्रॅपिस्ट-१ हा तारा निवडला होता; त्याच्या ग्रहांच्या कक्षा संगणकावर लाखो वर्षे पुढे चालवून पाहायच्या होत्या. त्याचे सातही ग्रह बुधाच्या कक्षेपेक्षा कितीतरी लहान जागेत फिरतात. सर्वांत आतल्याचे वर्ष दीड दिवसाचे, तर सर्वांत बाहेरच्याचे १८.७७ दिवसांचे.

त्या सकाळी, "मॅडम, सगळं गडबडलं," म्हणत तिने संगणक माझ्याकडे वळवला. परिभ्रमणकाळ आणि वस्तुमाने प्रसिद्ध झालेल्या आकड्यांबरहुकूम घेऊनही काही लाख वर्षांतच दोन ग्रहांच्या कक्षा एकमेकींना छेदू लागल्या होत्या, आणि प्रत्यक्षातली प्रणाली तर अब्जावधी वर्षे टिकून आहे. तिचा संशय प्रोग्रामवर होता. आम्ही कालपायरी (गणनेतल्या लागोपाठच्या दोन क्षणांमधले अंतर) तपासली, एकूण ऊर्जा तपासली. दोन्ही ठीक होते.

मग मी तिला बाहेरच्या तीन ग्रहांचा लाप्लास कोन, म्हणजे तिघांच्या एकमेकांसापेक्ष जागांचे माप, काढायला सांगितला : पाचव्याच्या भोगांशातून (कक्षेतली जागा सांगणाऱ्या कोनातून) सहाव्याच्या भोगांशाची दुप्पट वजा करून त्यात सातव्याचा मिळवायचा. प्रत्यक्षात हा कोन एका मूल्याजवळच राहतो; याच संबंधावरून २०१७ साली सातव्या ग्रहाचा काळ आधी वर्तवला गेला आणि नंतर केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांत तसाच सापडला. तिच्या आलेखात मात्र तो कोन कुठेही न थांबता पूर्ण ३६० अंश फिरत होता. काळांची गुणोत्तरे बरोबर होती, पण ग्रहांच्या सुरुवातीच्या जागा तिने यादृच्छिक निवडल्या होत्या, त्यामुळे युती, म्हणजे दोन ग्रह ताऱ्याच्या एकाच बाजूला एका रेषेत येणे, कक्षेत कुठेही होत होती. काळ साध्या पूर्णांकांच्या गुणोत्तरात बांधले जाणे म्हणजे अनुस्पंदन. ३:२ अनुस्पंदनात असलेला प्लूटो नेपच्यूनची कक्षा ओलांडूनही त्याच्याजवळ येत नाही, तर गुरूशी ३:१ अनुस्पंदनात असलेले लघुग्रह कक्षेतून हुसकले जाऊन तिथे पोकळी उरते. नुसत्या गुणोत्तरावर भरवसा ठेवू नये तो यासाठीच. (पाठ्यपुस्तकांत अनुस्पंदन म्हणजे केवळ वाढत जाणारा झोका असतो, ही माझी जुनी तक्रार आहे.)

दुपारी तिने ग्रह थोडे दूर ठेवून, वायूच्या चकतीत ते हळूहळू आत सरकत एकमेकांच्या अनुस्पंदनात अडकतील अशी सुरुवात केली. आता कोन एका मूल्याभोवती डोलत राहिला. दुसऱ्या दिवशी पाहिले तेव्हा ही गणना पहिलीच्या मोडण्याचा काळ मागे टाकून शांतपणे पुढे चालली होती.

फसलेला आलेख प्रबंधातून काढू का, असे तिने विचारले. मी तो आधी घ्यायला सांगितला, कारण काळ आणि वस्तुमाने बरोबर असूनही एखादी मांडणी टिकू शकत नाही, हे त्याच्यावरूनच कळते.