लक्षद्वीप: एप्रिलमधला समुद्र आणि जहाजातून होडीत उतरण्याचा प्रश्न

लक्षद्वीपला जाण्याचे ठरले तेव्हा आमच्या घरात चर्चा झाली ती केवळ पावसाची. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस नसतो, वारा मंद असतो आणि समुद्र निवळलेला असतो, एवढ्या माहितीच्या आधारावर आम्ही चौघांनी कोचीहून सुटणाऱ्या जहाजाने कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी पाच दिवसांची सहल निश्चित केली. पाऊस खरोखरच आला नाही. तरीही कल्पेनीचा आमचा अर्धा दिवस वाया गेला, आणि त्याचे कारण आभाळात कुठेही दिसत नव्हते.

ते समजून घेण्यासाठी या बेटांची ठेवण आधी लक्षात घ्यायला हवी. एकूण ३६ बेटे, त्यांपैकी १० वस्तीची, आणि सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. कोकण किनाऱ्याजवळच्या बेटांसारखा येथे खडक नाही. प्रवाळांच्या कड्यावर साचलेली वाळू आणि तिच्यावर नारळ, इतकेच. बहुतेक बेटांचे लगून, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातले खाजण, पश्चिमेला पसरलेले असते आणि वस्तीची पट्टी पूर्वेच्या कडेला असते. लगूनमध्ये मोठ्या जहाजाला शिरता येत नाही. ते प्रवाळकड्याबाहेर उभे राहते आणि प्रवासी जहाजाच्या बाजूच्या दारातून, भर समुद्रात, खाली हेलकावणाऱ्या यांत्रिक होडीत उतरतात. येथे जाणाऱ्याने हवामान पाहायचे ते मुख्यतः या दहा मिनिटांसाठी.

कवरत्तीला हे उतरणे अगदी जिना उतरावा तसे झाले. दुसऱ्या दिवशी कल्पेनीसमोर जहाज थांबले तेव्हाही पाण्यावर वाऱ्याची सुरकुती नव्हती. पण सारा समुद्र संथपणे वर येत होता आणि तितक्याच संथपणे खाली बसत होता. होडी एका क्षणी दाराच्या उंबरठ्याला लागे आणि पुढच्या काही सेकंदांत माणसाच्या उंचीइतकी खाली जाई. खलाशांनी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि उतरवणे थांबवले. सुमारे तीन तासांनी जहाजाची जागा बदलून आम्हाला उतरवले, तेही होडी वर आल्यावर खलाशाने दंड धरून ‘आता’ म्हणताच पाऊल टाकायचे, या पद्धतीने. माझ्या सासूबाई सत्तरीच्या आहेत. त्या जहाजावरच थांबल्या, आणि तो निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते.

केरळच्या किनाऱ्यावर या प्रकाराला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. दक्षिण हिंदी महासागरात, ३० अंश दक्षिण अक्षांशाच्याही पलीकडे, मोठी वादळे होतात आणि त्यांच्या लाटा विषुववृत्त ओलांडून येथवर पोहोचतात. अशा लाटेचा आवर्तनकाल, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचा वेळ, १५ ते २० सेकंदांचा असतो. खोल पाण्यात १८ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ५०० मीटर भरते आणि अशा लाटांचा समूह ताशी ५० किलोमीटरच्या आसपास पुढे सरकतो. म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरांवरच्या वादळाची लाट साडेचार-पाच दिवसांनी निरभ्र आकाशाखाली येऊन उभी राहते. स्थानिक वाऱ्याने उठलेली सहा सेकंदांची लाट जेमतेम ५५-६० मीटर लांब असते. ती होडीला थडथडवते, कपडे भिजवते. पण प्रवाळकड्यावर येऊन अचानक उंचावण्याचा आणि किनाऱ्यावर पाणी चढवण्याचा गुण लांब लाटेतच असतो. मे २०२४ च्या सुरुवातीला केरळ आणि लक्षद्वीपसाठी असाच इशारा दिला गेला होता.

म्हणून निघण्यापूर्वी आठवडाभर हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा सागरी अंदाज रोज पाहावा, आणि त्यात लाटेच्या उंचीइतकेच लक्ष आवर्तनकालाकडे द्यावे. एक मीटर आणि सात सेकंद असे दिसले तर फारशी चिंता नको. एक मीटर आणि सतरा सेकंद असेल तर बेटावर उतरण्यास विलंब होईल असे गृहीत धरावे. नेहमीचे पाऊस-पाण्याचे ॲप ‘निरभ्र’ म्हणून मोकळे होते.

भरती-ओहोटीचा विचार आम्ही गेल्यावर केला, तो आधी करायला हवा होता. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. येथे हा फरक दीड मीटरच्या आसपासच राहतो. परंतु लगूनच उथळ असल्याने तेवढ्यानेही फरक पडतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला प्रवाळ जवळजवळ उघडे पडतात आणि काचेच्या तळाच्या होड्या थांबतात. शिवाय ओहोटीला लगूनचे पाणी कड्यातल्या फटींमधून जोराने बाहेर ओढले जाते. त्या तोंडांजवळ पोहणे टाळावे. शक्य असल्यास भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत जावे.

एप्रिलचा उन्हाळा हा वेगळा विषय आहे. पाणी तिशीच्या घरात गेलेले असते, त्यामुळे पोहण्याने गारवा मिळत नाही, आणि पांढऱ्या वाळूवरून परतणारे ऊन टोपीच्या खालून चेहरा भाजते. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा कोणत्याही मलमापेक्षा उपयोगी पडतो. याच उष्णतेने प्रवाळ पांढरे पडतात. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत येथे ते मोठ्या प्रमाणावर घडले. पाण्याखाली रंगांची बाग दिसेल या अपेक्षेने जाणाऱ्याने हे ठाऊक ठेवावे.

महिन्यांबाबत माझे मत असे: डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, मार्च ठीक, एप्रिल फक्त उन्हाला न भिणाऱ्यांसाठी. मेच्या मध्यानंतर विचार करू नये. तौक्ते हे चक्रीवादळ मे २०२१ मध्ये याच परिसरात जन्मले आणि तीन-चार दिवसांत आपल्या किनाऱ्यालगत पोहोचले. त्यापुढे नैऋत्य मोसमी वारे समुद्र खवळवतात; कोकणातले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात त्यामागचे शहाणपण येथेही लागू आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर सुंदर असतो, पण वादळांचाही असतो. २०१७ मध्ये ओखीने डिसेंबर उजाडतानाच मिनिकॉय आणि कल्पेनीला झोडपले, आणि केरळ-तमिळनाडूच्या मच्छीमारांच्या कित्येक नौका भरकटत थेट देवगडच्या आश्रयाला आल्या.

प्रवेशपरवाना लागतो, त्यामुळे तयारी काही आठवडे आधी सुरू करावी. जहाजात मधल्या भागातली, शक्य तितकी खालची केबिन मागावी आणि मळमळीची गोळी जहाज सुटण्यापूर्वी घ्यावी; नऊ अंश खाडी ओलांडून मिनिकॉयला जाताना घेतलेली गोळी माझ्या पोटात दहा मिनिटेही टिकली नाही. होडीत उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवर आणि चप्पल पट्ट्याची. परतीचे कोचीहून सुटणारे विमान जहाज पोहोचण्याच्या दिवशीचे कधीही काढू नये. आमचे जहाज सहा तास उशिरा धक्क्याला लागले, आणि पुण्याची चार तिकिटे आम्हाला नव्याने घ्यावी लागली.