काकू, डबा आहे का?

ठाण्यातल्या गाड्या चालून जितक्या खराब होतात, त्याहून जास्त उभ्या राहून होतात, असं माझं ठाम मत आहे. खात्री करायची तर कुठल्याही सोसायटीच्या बेसमेंटमध्ये एक चक्कर मारा. आठवडाभर माणसं रिक्षाने स्टेशन गाठतात आणि लोकलने मुंबई. स्टेशनपाशी गाडी लावायला जागा नाही, आणि संध्याकाळी गाडीने तीन हात नाका पार होईपर्यंत लोकलवाला घरी पोचून चहा पिऊन मोकळा झालेला असतो. मग गाडी काढायची रविवारी. पण रविवारी घोडबंदर रोडवर सगळ्यांनीच काढलेली असते, म्हणून तेही राहतं. गाडी उरते ती गणपतीला कोकणात जायला, कुणाच्या तरी लग्नाला, आणि अपरात्री दवाखाना गाठायची वेळ आली तर. एरवी ती कव्हर पांघरून पडलेली, आणि कव्हरवर सोसायटीचं मांजर.

पडून असली तरी गाडी पुरती झोपत नाही. आतलं घड्याळ चालू असतं, चोरी होऊ नये म्हणून बसवलेला अलार्म जागा असतो, रिमोटची किल्ली कधी जवळ येते याच्यावर कुणीतरी कान लावून बसलेलं असतं. हे सगळं मिळून २० ते ५० मिलीअँपिअर करंट खातं. ऐकायला काहीच नाही. पण ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास गेले, आणि लहान गाडीची बॅटरी असते साधारण ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे महिन्याभरात सगळा खेळ आटोपला. शिवाय सेल्फ (इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर) मारण्याइतका जोर त्याच्या बराच आधी संपतो. मग ऐन निघायच्या वेळी, सगळे कपडे करून, डिकीत बॅगा कोंबून बसल्यावर किल्ली फिरवली की बॉनेटखालून टक-टक-टक-टक असा आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात. इंजिन उचलत नाही. बॅटरी बसली.

पूर्वी याच्यावर एकच औषध होतं, धक्का. चार जणांनी मागून ढकलायचं, आतल्याने दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरायचा, वेग आला की सोडायचा. याच्या आठवणी काढून गहिवरणारे बरेच भेटतात. मला त्यात गहिवरण्यासारखं काही दिसत नाही, कारण ढकलणाऱ्यांत मी असायचे. आता तर तो मार्गच बंद झालाय. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. मॅन्युअल असली तरी हल्लीच्या गाडीत इंधनाचा पंप आणि कॉम्प्युटर चालायला थोडी तरी वीज लागते. बॅटरी ठार झाली असेल तर ढकलून दम तेवढा लागतो. आणि गाडी दुसऱ्या बेसमेंटमध्ये असेल तर बाहेर पडायचा रस्ता चढाचा! जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायची वायर म्हणाल, तर त्यासाठी ती दुसरी चालू गाडी नाकासमोर आणून उभी करावी लागते. आमच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये खांब आणि खांबाला टेकून कुणाची तरी सायकल. स्टॅक पार्किंगमध्ये वरच्या पाळण्यात गाडी अडकलेली असेल तर बोलायलाच नको.

म्हणून हा डबा. खरं नाव पोर्टेबल जंप स्टार्टर, म्हणजे बॅटरी बसलेली गाडी दुसऱ्या गाडीशिवाय सुरू करून देणारी हातातली छोटी बॅटरी, पण आमच्या बिल्डिंगमध्ये त्याला कुणी त्या नावाने ओळखत नाही. मुलाने वाढदिवसाला आणून दिला तेव्हा मीही जरा खट्टूच झाले होते. साडी नाही, कानातलं नाही, जाडजूड पुस्तकाएवढा काळा ठोकळा आणि त्याला लाल-काळे दोन चिमटे. वर लिहिलंय २००० अँपिअर. त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. तो क्षणाच्या कुठल्याशा अंशापुरता गाठायचा आकडा आहे. लहान पेट्रोल गाडीच्या सेल्फला शे-दीडशे अँपिअर पुरतात, डिझेलला जास्त.

वापरायला मात्र सोपा. बॉनेट उघडायचं, दांडी लावायची, टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी भुकटी धरली असेल तर ती आधी खरवडायची, नाहीतर चिमटा नुसता तिलाच धरून बसतो. लाल चिमटा अधिकला. काळा उणेला, किंवा वायर पोचत असेल तर इंजिनाच्या उघड्या धातूला. बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, तिच्या तोंडाशी ठिणगी नको. चिमट्यांच्या वायरवर एक छोटी डबी असते, तिचा दिवा हिरवा झाला की सेल्फ मारायचा. दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. नाही उचललं तर थांबायचं, डब्याला गार होऊ द्यायचं. बॅटरी इतकी मेली असेल की डब्याला ती दिसतच नाही, तर बूस्ट नावाचं बटण आहे. पण ते दाबलं की डब्याची राखणदारी बंद होते. मग चिमटे उलटे लागलेले असले तरी तो अडवत नाही. म्हणून ते बटण मी दुसऱ्या कुणाला दाबू देत नाही.

मला गंमत वाटते ती हिशेबाची. माझा डबा १६,००० मिलीअँपिअर-तासांचा, म्हणजे त्यात साठ वॉट-तासांच्या आसपास वीज. गाडीच्या बॅटरीत भरलेली असताना चारशेच्या वर. सातपट मोठ्या बॅटरीला हा काय उठवणार? पण तो बॅटरी भरतच नाही. दीडशे अँपिअर दोन-तीन सेकंद, यात खर्च होते वॉट-तासभर वीज. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा सात-आठ मिनिटं जळेल एवढी. इंजिनाला फिरायला तेवढा एक हिसका लागतो. पुढचं त्याचं ते बघतं. शिसं आणि आम्लाची ही बॅटरी १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने केली. पण गाड्या त्यानंतरही कितीतरी वर्षं पुढून हँडल मारूनच सुरू व्हायच्या, आणि हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आला. हे केटरिंग आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला मोटर बसवत होते. गल्ला उघडण्यापुरता जोर लावायचा आणि गप्प बसायचं, एवढंच त्या मोटरचं काम. सेल्फचंही तेच.

तर हा डबा घरी आला, एकदा लिफ्टमध्ये त्याच्यावरून बोलणं झालं, आणि इंटरकॉम वाजायला लागला. सुरुवातीला "साहेब आहेत का?" असं विचारायचे. साहेबांना बॉनेट कुठून उघडतं तेही सांगावं लागतं, हे हळूहळू सगळ्यांना कळलं. आता थेट विचारतात, "काकू, डबा आहे का?" पूर्वी वाटीभर साखर उसनी न्यायचे तसं, तितक्याच हक्काने.

साखर का संपली हे कुणी विचारत नाही. बॅटरी का बसली ते मात्र विचारावं लागतं, कारण नुसती पडून राहून बसली, की दिवा चालू राहिला, की बॅटरीच म्हातारी झाली, यावर पुढचं ठरतं. आणि उत्तर देताना माणसं गाडीबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त बोलून जातात. बी विंगमधलं जोडपं २०२० पासून घरून काम करतंय. गाडी का बसली म्हटल्यावर दोघं एकमेकांकडे बघत राहिले, की आपण शेवटचे एकत्र बाहेर कधी गेलो होतो? पाचव्या मजल्यावरचे इलेक्ट्रिक गाडीवाले, ज्यांनी पेट्रोलच्या भावावरून आम्हा सगळ्यांची बरीच कीव केली होती, ते एका रात्री अगदी हळू आवाजात डबा मागायला आले. इलेक्ट्रिक गाडीतही एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली की खालची भलीमोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असून गाडी सुरू होत नाही, रिमोटने दारसुद्धा उघडत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे, आत्तापर्यंत.

एकीची बॅटरी वरचेवर उतरायची. गाडी नवी, बॅटरी नवी, रोजचं चालवणं. मेकॅनिकने कुठे करंट गळतोय का ते तपासलं, काही सापडेना. मग वॉचमनकडून कळलं, की ती रात्री जेवणं झाल्यावर खाली येते आणि गाडीत बसते. आतला दिवा, हळू आवाजात गाणी, कधी बहिणीशी फोन. दोन खोल्यांत सहा माणसं आहेत त्यांच्याकडे. मी तिला एवढंच सांगितलं की दिवा बंद ठेव आणि गाणी मोबाइलवर लाव, बॅटरी टिकेल. ती हसली आणि म्हणाली, "काकू, दिवा हवाच असतो हो."

आणि चौथ्या मजल्यावरचे आजोबा. गाडी मुलाची, मुलगा कॅनडात. आजोबा रोज सकाळी फडक्याने ती पुसतात, काच चकचकीत, टायरवर चिखलाचा ठिपका नाही. पुसल्याने बॅटरी भरत नाही, हे त्यांना कसं सांगायचं? सेल्फ लागला तेव्हा ते म्हणाले, "चला, झालं. आता पाच मिनिटं अशीच चालू ठेवतो." जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून फार तर सेल्फला लागते तेवढी वीज भरून निघते, उतरलेल्या बॅटरीला त्याने काही होत नाही, निदान अर्धा तास तरी गाडी रस्त्यावर पळायला हवी, आणि पुरती उतरलेली बॅटरी नीट भरायची तर चार्जरला काही तास लावावी लागते. आजोबांनी मोतीबिंदू झाल्यापासून चालवणं सोडलंय. मग मीच चालवली, उपवनपर्यंत. तलावाला वळसा घालून परत. आजोबा शेजारी बसले होते, पट्टा लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर. सिग्नलला म्हणाले, "पिकअप चांगला आहे नाही याचा?" तेव्हापासून दर आठवड्याला ते मला इंटरकॉमवर विचारतात, बॅटरीचं काय म्हणणं आहे. बॅटरीचं काही म्हणणं नसतं. आम्ही जातो.

डब्याची स्वतःचीही देखभाल असते, हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. तो गाडीत ठेवायचा नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत जी भट्टी होते ती लिथियमला सोसत नाही. शिवाय डिकीचं कुलूप विजेवर असेल तर ऐनवेळी डबा डिकीत आणि डिकी बंद. दोन-तीन महिन्यांनी, वापरला नसला तरी, चार्जिंगला लावायचा. निम्म्याच्या खाली गेला तर त्याचा भरवसा धरू नये.

आता आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. त्यामुळे डबा परत येतो तो बरोबर काहीतरी घेऊन. कोथिंबीर वडी, अळूवडी, नारळाच्या वड्या, एकदा तर चक्क उकडीचे मोदक. आणि डब्याच्या पडद्यावर १८ टक्के. गाडी सुरू करायला फार वीज जात नाही हे मी वर सांगितलंच. मग उरलेली गेली कुठे? पोरांनी त्याच्यावर मोबाइल भरून घेतलेले असतात.

शेवटी मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: डबा परत देताना बाकी काही नको, फक्त पूर्ण चार्ज करून द्यावा. परवा बी विंगवाल्यांनी तो आणून दिला. पडद्यावर १००, वायर नीट गुंडाळलेली, चिमटे पुसलेले. आमच्या ह्यांनी दार उघडलं, डबा घेतला, त्यांच्या मागे काही आहे का तेही वाकून पाहिलं, आणि आत येऊन मला म्हणाले, "हे नियम करायचं तुला कुणी सांगितलं होतं?"