ट्यूबभर सिलिकॉन आणि तरीही तेल

मोटरसायकलचं इंजिन बसवून झाल्यावर कव्हरच्या कडेनं सिलिकॉनची (सांधे बंद करायच्या ट्यूबमधल्या लेपाची) जाड माळ बाहेर आलेली दिसली, की समजावं, जेवढं बाहेर तेवढंच आत. बाहेरचं बोटानं पुसता येतं. आतलं गरम तेलात सुटतं, त्याचे तुकडे पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की आधी हेड (इंजिनाचा सगळ्यात वरचा भाग) कोरडं पडतं, कारण तेलाला तिथवर चढायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तिथले व्हॉल्व्ह हलवणारे कॅम अन् रॉकर खरवडले जातात, टॅपेट वाजू लागतात, आणि गाडीवाला तेलाच्या कंपनीला नावं ठेवतो.

क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर, ब्लॉकच्या (सिलिंडरच्या) खाली, जिथं कंपनीनं कागदी पॅकिंग (सांध्यात बसणारी गॅस्केट) दिली आहे तिथं नवी पॅकिंग कोरडीच बसवायची. फार तर कव्हरच्या बाजूनं ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. पुढच्या वेळी खोलताना ती अख्खी निघते, तासभर खरवडत बसावं लागत नाही. हेड पॅकिंगला मात्र ग्रीस, शेलॅक, सिलिकॉन काहीही नाही. जुनी हेड पॅकिंग पुन्हा वापरायची नाही, एकदा दबली ती दबली. सायलेन्सरच्या तोंडाशी सिलिकॉन भरणारेही आहेत. तिथल्या उष्णतेत ते जळून जातं, नवी रिंगच टाकावी लागते.

आपल्याकडं एक वेगळाच घोळ होतो. तालुक्याच्या दुकानात पॅकिंगचा सेट दोन-दोन उन्हाळे खिळ्याला टांगलेला असतो. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या कोरड्या हवेत कागद सुकून आकसतो आणि बोल्टची भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरनं चुकतात. ओढून बसवली तर भोकापाशी फाटते. ओल्या फडक्यात दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, बहुतेक वेळा मापावर येते. पॅकिंग मिळालीच नाही तर ऑइल शीट (पॅकिंगचा कागद) आणून कापता येते: कव्हरच्या कडेला ग्रीस लावून शीटवर छाप घ्या, भोकं पंचानं पाडा, बाकी कात्रीनं. शीट कव्हरवर ठेवून हातोडीनं ठोकत कापायची जुनी सवय सोडा, ॲल्युमिनियमची धार दबते आणि गळती तिथूनच सुरू होते. जाडी जुन्या पॅकिंगएवढीच हवी. ब्लॉकखाली दोन पॅकिंग टाकल्या तर ब्लॉक वर उचलला जातो, कॉम्प्रेशन उतरतं आणि टायमिंगही थोडं सरकतं.

खरी मेहनत पॅकिंग लावण्याआधीची आहे. जुना कागद पेचकसानं उकरू नका. थिनर लावून भिजू द्या, मग ब्लेड आडवं धरून किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं काढा. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) तोंडात आधी स्वच्छ कापड कोंबा. आपण कापूस पिकणाऱ्या भागात राहतो, तरी कापसानं पुसायचं नाही, तंतू आत राहतात. धुतलेलं जुनं धोतर उत्तम. ग्राइंडरवर पॉलिश पेपर लावून घासणं तर नकोच, ती भुकटी बेअरिंग खाते. हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून ०.०५ मिमीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) खाली जाते का बघा. जात असेल तर हेड वाकलं आहे, तिथं नुसती नवी पॅकिंग टिकणार नाही.

ज्या इंजिनाच्या क्रँककेसच्या दोन अर्ध्यांमध्ये पॅकिंगच नसते तिथं सीलंट लागतं, आणि तेही एकाच अर्ध्यावर. दोन्ही बाजू थिनरनं पुसून तेलाचा अंश काढा, नाहीतर ते धरतच नाही. साधारण १ मिमीची सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं; तेलाच्या मार्गापासून दोन-तीन मिमी दूर. डॉवेल (दोन अर्धे नेमके जुळवणारी खुंटी) आणि त्याभोवतीची ओ-रिंग (रबरी कडं) आधी जागेवर हवी. वरचा थर दहाएक मिनिटांत धरू लागतो, त्याआधी जोडा. धरल्यावर बोल्ट सैल करून पुन्हा आवळलं तर सगळं पुसून नव्यानं लावायचं. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन धातूला गंज आणतं, इंजिनासाठी न्यूट्रल प्रकारचं घ्या. सिलिकॉन पिकतं, म्हणजे घट्ट होतं, ते हवेतल्या ओलाव्यानं. म्हणून ऐन उन्हाळ्यात ते पावसाळ्यापेक्षा उशिरा पिकतं, ऊन कितीही कडक असो. २४ तास थांबून मगच तेल भरा. गिऱ्हाईक ओट्यावर बसून राहिलं तरी.

क्लच कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याचा बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, पाना घट्ट लागल्यासारखं वाटतं, पण कव्हर दबलेलंच नसतं. भोकात तेल साचलं असेल तर तेही काढा. ६ मिमीच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. आखूड पाना, मनगटाचा जोर. तिरके-तिरके, दोन-तीन फेऱ्यांत. हेडचे नट सर्व्हिस पुस्तकातल्या आकड्यावर आणि टॉर्क पान्यानंच, इंजिन गार असताना. तांब्याचा वॉशर ज्या स्टडवर (हेड धरून ठेवणाऱ्या आटेदार दांड्यावर) होता त्याच स्टडवर गेला पाहिजे, तिथून तेल वर जातं.

एवढं करूनही तेल दिसलं तर लगेच कव्हर खोलू नका. इंजिन धुऊन कोरडं करा, अंगाला लावायची पावडर शिंपडा, दहा मिनिटं चालवा. ओला पट्टा कुठून निघाला ते दिसतं. किक किंवा गिअरच्या दांड्यातून येत असेल तर तो दांड्याभोवतीच्या रबरी ऑइल सीलचा दोष आहे, पॅकिंगचा नाही. आणि ब्रीदर पाइप (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी) फुंकून बघा. काळ्या मातीच्या चिखलानं किंवा कुंभारमाशीच्या घरट्यानं तो बंद झाला असेल, तर आतला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलणारच. तार घालून पाइप मोकळा केला की कधीकधी गळती तिथंच थांबते.