टीवायनंतरचे सात महिने: पदवी ते लोट्यातली लॅब

माझी बारावी 2020 ची. त्यामुळे एफवायची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स आमच्या बॅचने मोबाइलवर बघितली, ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबथेंब सोडायची मापाची काचनळी, पहिल्यांदा हातात आली ती एसवायला. त्याच वर्षी, जुलै 2021 च्या पुरात, चिपळुणातलं आमचं घर पाण्याखाली गेलं आणि कपाटातल्या फाइलसकट दहावी-बारावीच्या मार्कशीटांचा लगदा झाला. दुय्यम प्रतींसाठी शाळेचं पत्र घेऊन रत्नागिरीच्या बोर्डात खेपा घातल्या. ते काम टीवायला असतानाच उरकलं हे फार बरं झालं, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा तेच कागद मागितले. लॅबमधला हाताचा सराव मात्र कमीच राहिला होता.

जून 2023 मध्ये निकाल हातात आला. आत्याचं म्हणणं बी.एड. कर, काका म्हणत पुण्याला जाऊन एमपीएससीचा क्लास लाव. मला लॅबमध्येच काम करायचं होतं. मी नोकरीच्या साइटवर दिसेल तिथे बायोडेटा पाठवत सुटले. त्यात काय होतं? मेहनती, प्रामाणिक, संगणकाचं ज्ञान, छंद वाचन. साठेक ठिकाणी पाठवला असेल, एकाचंही उत्तर नाही. मग एका कन्सल्टन्सीवाल्याने लॅबमध्ये थेट भरती म्हणून 2,500 रुपये नोंदणी फी मागितली. बाबांनी दिली. आठ दिवसांत त्याचा फोन बंद. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत, पण मला त्या पैशांचं अजून वाईट वाटतं. जी कंपनी तुम्हाला पगार देणार आहे, ती आधी तुमच्याकडून पैसे मागत नाही. हे मला कोणीतरी वेळेत सांगायला हवं होतं.

वळण लागलं ते आमच्याच आळीतल्या एका ताईमुळे. ती माझ्या दोन वर्षं पुढे, लोटे परशुरामच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागात. तिच्या सुट्टीच्या दिवशी वही घेऊन मी तिच्या घरी गेले. कुठे जागा असेल तर सांग, असं म्हटलं नाही. विचारलं, "ताई, सकाळी गेल्यापासून तू नक्की काय काय करतेस?" ती दोन तास बोलली. सकाळी आधी वजनकाटा प्रमाणित वजनं ठेवून तपासायचा, मग पीएच मीटर बफरवर लावून घ्यायचा, त्याची नोंद करायची आणि त्यानंतरच सॅम्पलला हात लावायचा. कच्च्या मालातला ओलावा, टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून तीव्रता काढणं), एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र). क्यूसी, क्यूए (कामाची पद्धत नीट पाळली जाते का ते बघणारा विभाग) आणि प्रॉडक्शन यांतला फरक तीन वर्षांत मला कोणी सांगितला नव्हता, तो तिने चहा उकळेपर्यंत समजावला. क्यूसीत जागा कमी, प्रॉडक्शनला फ्रेशर लवकर घेतात, पण तिथे शिफ्ट आणि रसायनं बनवायच्या मोठ्या टाक्या, म्हणजे रिअ‍ॅक्टर, याची तयारी ठेव म्हणाली. केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर अप्रेंटिस म्हणून नोंद करायलाही तिनेच बसवलं. पदवीधराला तेव्हा महिना किमान 9,000 रुपये स्टायपेंड होता, मुदत एक वर्ष.

आणि एक गोष्ट तिने दोनदा सांगितली. "आकडा चुकला तर गिरवायचा नाही, व्हाइटनर लावायचा नाही. एकच आडवी रेघ, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख."

मला ते फार लागलं. कॉलेजात तीन रीडिंग सारखी यावीत म्हणून तिसरं आम्ही बसल्या जागी लिहायचो. सगळेच लिहायचे. औषधाच्या कंपनीत तोच गुन्हा, कारण त्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढे कोणीतरी ती गोळी घेणार असतं.

बायोडेटा नव्याने लिहिला. छंद काढले, हाताने केलेले प्रयोग आणि वापरलेली उपकरणं घातली. सरांना विनंती केली, त्यांनी दुपारी लॅब उघडून दिली, लॅबचे शिपाई मामा काचसामान काढून द्यायचे. तीन आठवडे रोज टायट्रेशन केलं, जे येईल ते रीडिंग लिहिलं.

डिसेंबरात एका कंपनीचा वॉक-इन, म्हणजे थेट जाऊन द्यायचा इंटरव्ह्यू होता. मुलं बरीच होती. लेखी झाल्यावर आम्हा काहींना लॅबमध्ये नेलं. समोर कॉस्टिकचं (सोडियम हायड्रॉक्साइडचं) द्रावण, ते प्रमाणित करून, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता काढून दाखवा. ब्युरेट आधी डिस्टिल्ड पाण्याने, मग त्याच द्रावणाने खळबळून घेतली, नळीच्या टोकातला बुडबुडा काढला, फनेल उतरवलं, कोनिकल फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवली. फिकट गुलाबी रंग आला, टिकला. आणि घाईत 12.4 च्या जागी मी 12.6 लिहिलं. पोटात गोळा आला. एक रेघ मारली, शेजारी 12.4, सही, तारीख.

साहेब मागे उभे होते. त्यांनी कागद उचलून पाहिला. "ही रेघ मारायला कोणी शिकवलं?"

मी ताईचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, कॉस्टिक नेमकं तोलून घेतलं तर काम भागणार नाही का? म्हटलं, नाही सर, ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, वजनावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून ज्याच्या वजनावर भरवसा ठेवता येतो अशा केएचपीसारख्या पदार्थाने त्याची तीव्रता काढावी लागते. एचपीएलसी चालवलाय? "पाहिलाय सर, चालवलेला नाही." खोटं बोलले असते तर पुढच्याच प्रश्नाला अडकले असते.

जानेवारीत फोन आला, अप्रेंटिस म्हणून. परशुराम घाटातून कंपनीच्या बसने जायला लागले. वर्षाच्या शेवटी आम्हा आठांपैकी तिघांना ट्रेनी केमिस्ट म्हणून ठेवलं, त्यात मी होते. पहिल्या पूर्ण पगारातून बाबांच्या हातात 2,500 रुपये ठेवले. ते घेत नव्हते, आईने घ्यायला लावले.

सध्या कॉलेजातल्या दोघीजणी माझ्याकडे येतात. सुट्टीच्या दिवशी, वही घेऊन. एकीला प्रॉडक्शनला जायचंय आणि घरचे नको म्हणतायत. पुढच्या आठवड्यात प्रॉडक्शनमधल्या एका मॅडमशी तिची भेट ठरवली आहे, तिच्या आईलाही सोबत बोलावलंय.