नातेपुते ते पंढरपूर : वारीचे शेवटचे पाच टप्पे

ठाण्या-नवी मुंबईतल्या नोकरदार माणसाला माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून चालणं बहुधा जमत नाही. म्हणून आमचा मित्रांचा गट शेवटचे पाच टप्पे धरतो : नातेपुते ते माळशिरस, मग वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. पहिले तीन टप्पे सुमारे अठरा ते एकवीस किलोमीटरचे, चौथा दहाच्या आसपास आणि शेवटचा त्याहून छोटा. आकडे बघून नवखा म्हणतो, एवढंच ना! पण या टप्प्यांचा हिशोब किलोमीटरांत केला की फसतो. तो तासांत करावा लागतो. रिंगणाला, म्हणजे पालखीचे अश्व धावतात त्या सोहळ्याला, उन्हात उभं राहणं, विसाव्याला थांबणं, गर्दीत पाऊल पाऊल सरकणं धरलं तर दिवसाचे बारा-चौदा तास माणूस पायांवर असतो. सगळी तयारी या एका गोष्टीची.

रजेपासून सुरुवात. पालखी आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. तिथून उलट मोजायचं : नवमीला वाखरी, अष्टमीला भंडीशेगाव, सप्तमीला वेळापूर, षष्ठीला माळशिरस, पंचमीला नातेपुते. तिथीचा क्षय किंवा वृद्धी आली की मधला एखादा मुक्काम कमी-जास्त होतो, त्यामुळे आळंदी देवस्थानचं वेळापत्रक हातात आल्यावरच अर्ज टाकावा आणि द्वादशीपर्यंतची रजा मागावी. एकादशीला संध्याकाळी निघू म्हणणाऱ्याची परतीत फार ओढाताण होते.

सराव कुठे करायचा यावर आमच्याकडे दरवर्षी चर्चा रंगते. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरातली वाट सगळ्यांच्या आवडीची, झाडी आणि सावली भरपूर. पण दम वाढवण्यापलीकडे तिचा इथे उपयोग नाही. पालखी मार्ग आता चौपदरी झालाय. त्याचा बराचसा भाग काँक्रीटचा, आणि जुनी सावलीची झाडं रुंदीकरणात गेली. म्हणून सराव घोडबंदरच्या सेवा रस्त्यावर, नवी मुंबईकरांनी पाम बीचच्या कडेने करावा. निघण्याआधी सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, आठ किलोमीटरपासून वाढवत अठरापर्यंत. शेवटच्या पंधरवड्यात सलग दोन दिवस लांब चालून बघावं, कारण तळव्याची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते. सराव वारीत घालणार त्याच बुटांत करावा. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे हवेत, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात आणि बोटांची नखं पुढे आपटून काळी पडतात.

हवेचा फरकही आधी समजून घ्यावा. ठाण्यात घाम अंगावर ओघळतो, शर्ट भिजतो, त्यामुळे पाणी प्यायची आठवण राहते. माळशिरस तालुका पर्जन्यछायेत. आषाढातही तिथे कोरडा वारा आणि ऊन असू शकतं. घाम आल्या आल्या वाळतो आणि शर्टावर फक्त मिठाचे पांढरे डाग उरतात. अंगातलं पाणी आणि मीठ गेल्याचं कळतं ते पोटरीत गोळे आल्यावर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घोळायचं. पेल्यात अर्धं पाकीट ओतून पिणं चुकीचं, त्याने तहान वाढते आणि पोट बिघडतं. सकाळच्या चालीत एक लिटर ओआरएस, वर साधं पाणी. लघवी गडद पिवळी दिसली की थांबून प्यायचं. वाटेत जागोजागी चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं प्रेमाने हातात ठेवली जातात. सगळं घेतलं की पोट जड होतं आणि दुपारी चालवत नाही. आम्ही चहा दिवसातून दोनदाच घेतो.

आता पाय. या टप्प्यांत माणूस माघारी फिरतो तो बहुतेक वेळा फोडांमुळे, दमल्यामुळे क्वचितच. फोड येतो ओल, घर्षण आणि उष्णता एकत्र आल्यावर. निघताना टाच, अंगठ्याची बाजू आणि चवड्याखाली पेट्रोलियम जेली लावावी. जिथे आधी कधी फोड आलाय तिथे जेली न लावता औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता चिकटवावी. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून सिंथेटिक किंवा लोकरमिश्रित मोजे घ्यावेत. तीन जोड हवेत : एक पायात, एक खिशात, एक पिशवीला टाचणीने लटकवून वाळत घातलेला. विसाव्याला बसल्या बसल्या बूट-मोजे काढायचे, पाय पुसायचे, पंधरा मिनिटं वारा लागू द्यायचा. पाय पाण्यात बुडवून बसू नये, कातडी भिजून मऊ पडते आणि पुढच्या तासात सोलवटते.

टाचेला चुरचुर लागली की त्याच क्षणी थांबायचं. पुढच्या गावात बघू म्हणेपर्यंत पाणी धरलेलं असतं. छोटा फोड फोडू नये, वर पट्टी लावून चालावं. मोठा, ताठलेला असेल तर बेटाडीन लावून नवीन निर्जंतुक सुईने कडेला दोन ठिकाणी टोचायचं, पाणी हलकेच दाबून काढायचं आणि वरची कातडी तशीच ठेवून गॉज व पट्टी लावायची. मधुमेह असलेल्याने हे स्वतः करू नये, सरळ आरोग्य पथकाच्या तंबूत जावं. दुसरं दुखणं मांड्या घासण्याचं. आत घट्ट, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि सकाळी खोबरेल, एवढ्यावर ते टळतं. आणि एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही : रस्ता कडेला उतरता असतो. सतत एकाच कडेने चाललं की एकाच घोट्यावर आणि गुडघ्यावर भार येतो. दिंडीतली रांग मोडता येत नाही, पण पुढच्या टप्प्याला दुसऱ्या बाजूच्या रांगेत जागा मागता येते.

दिंडीशिवाय हे टप्पे चालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. सुटं चालणाऱ्याला रात्री पाठ टेकायला जागा मिळवण्यातच दमायला होतं. ओळखीच्या दिंडीत महिना-दोन महिने आधी भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, भरून नाव द्यावं. जेवण, राहुटीत जागा आणि ट्रकमध्ये सामान, हे सगळं त्यात येतं. नाव देताना दिंडीचा क्रमांक पूर्ण लिहून घ्यायचा. नुसता क्रमांक पुरत नाही. माउलींच्या सोहळ्यात काही दिंड्या रथापुढे आणि बाकीच्या रथामागे चालतात, आणि दोन्हीकडे क्रमांक एकपासून सुरू होतात. 'दिंडी क्रमांक १२' म्हणत तळावर शोधत फिरणारा माणूस अर्ध्या वेळा भलत्याच बाराकडे पोचतो. रथापुढे की रथामागे, विणेकऱ्यांचं नाव, ट्रकचा नंबर आणि दिंडीतल्या दोघांचे फोन, हे सगळं कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत खिशात ठेवावं. बॅगेवरही तेच लिहावं. फोनवर भिस्त ठेवू नये, गर्दीत नेटवर्क बसतं. आमच्या गटाचा नियम साधा आहे : जोडी सोडायची नाही, आणि चुकामूक झाली तर रस्त्यात शोधत न बसता तळावर आपल्या ट्रकपाशी जायचं.

नातेपुत्याला पंचमीला दुपारच्या आत पोचावं. ठाण्याहून वंदना स्थानकातून किंवा नवी मुंबईहून वाशी-कळंबोलीहून स्वारगेट, पुढे फलटण. फलटणच्या पुढे वाहतूक वळवलेली असते. अकलूजच्या बाजूने यावं म्हटलं तर त्याच दिवसांत तुकोबांची पालखी सराटी-अकलूज भागात असते, त्यामुळे तिकडचे रस्तेही भरलेले. शेवटचे काही किलोमीटर सामान पाठीवर घेऊन चालावे लागतील असं धरूनच बॅग भरावी. मऊ बॅग, सात-आठ किलोंच्या आत. ट्रकमध्ये गेलेली बॅग थेट संध्याकाळी दिसते. म्हणून नेहमीची औषधं, मोजे, चिकटपट्टी, पाणी, थोडे सुटे पैसे आणि डोक्यावरून घ्यायचा प्लास्टिकचा कागद अंगावरच्या झोळीत. रेनकोटपेक्षा हा कागद बरा, आत घाम धरत नाही आणि विसाव्याला अंथरायलाही होतो.

दिवस अडीच-तीनला सुरू होतो. शौचालयाची रांग त्या वेळी छोटी असते, चारनंतर ती वाढतच जाते. टँकरवर अंघोळ, राहुट्या उतरवणं, सामान ट्रकमध्ये. सोहळ्याचा कर्णा तीनदा वाजतो : पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला दिंड्या उभ्या, तिसऱ्याला प्रस्थान. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा, मागे तुळशी घेतलेल्या मायबहिणी. टाळकऱ्यांच्या रांगांमधून आडवं जायचं नाही आणि वीणेच्या पुढे-मागे घोटाळायचं नाही. नवख्याने रांगेच्या शेवटी राहून दोन दिवस बघावं, चाल आपोआप जुळते.

नातेपुते-माळशिरस टप्प्यात सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला पहिलं गोल रिंगण. दुसऱ्या दिवशी खुडूस फाट्याला, तिसऱ्या दिवशी ठाकुरबुवांच्या समाधीपाशी. दिंडीबरोबर गेलात तर मैदानात दिंडीची जागा असते आणि नीट दिसतं. सुटं जाऊन कडेच्या बांधावर चढणाऱ्याला समोरच्यांची डोकीच दिसतात. पताकावाले धावतात, मग तुळशीवाल्या, विणेकरी, आणि शेवटी अश्व. स्वाराचा अश्व पुढे आणि माउलींचा, पाठीवर कुणी नसलेला, मागून वाऱ्यासारखा येतो. तो गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला चहूकडून गर्दी आत झेपावते. पडझड होते ती याच पाच मिनिटांत. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर तेवढा वेळ मागेच थांबावं, माती नंतरही मिळते. मग उडीचा खेळ चालतो. दीड-दोन तास सहज जातात आणि सावली नसते, म्हणून डोक्याला ओला पंचा बांधून घ्यावा.

वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. उतारावरून सगळ्या दिंड्या विठ्ठलनामात धावत सुटतात. बुटांच्या नाड्या आधीच आवळून घ्याव्या, कारण धावताना वाकलं की मागचा अंगावर येतो. गुडघे दुखणाऱ्यांनी कडेने चालत उतरलं तरी चालतं, माउली रागावत नाहीत.

संध्याकाळची समाज आरती चुकवू नये, पाय कितीही दुखोत. तळावर पालखीभोवती सगळ्या दिंड्या उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदारांनी, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या मानकऱ्यांनी, दंड वर केला की एका क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकतात, तिथल्या तिथे निवाडा होतो. सापडलेल्या-हरवलेल्या वस्तूही इथेच पुकारल्या जातात. कुणाचं पाकीट, चष्मा, पिशवी हरवली असेल तर आधी इथे कान द्यावा. पाऊस झाला असेल तर तळावरच्या काळ्या मातीत बूट घालून जाऊ नये. किलोभर चिखल चिकटतो आणि सकाळपर्यंत बूट वाळत नाहीत. त्यासाठी रबरी चप्पल वेगळी.

भंडीशेगावहून वाखरीचा टप्पा छोटा, पण बाजीरावाच्या विहिरीपाशी उभं (रस्त्यावरच सरळ रांगांमधून अश्व धावतात ते) आणि गोल अशी दोन्ही रिंगणं असतात. वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. रात्री शक्य तितकी झोप घ्यावी, कारण दशमीचा दिवस सगळ्यांत अवघड. वाखरी ते पंढरपूर हे तासा-दीड तासाचं अंतर पूर्ण व्हायला रात्र होते. पालख्या क्रमाने निघतात आणि माउलींची सर्वांत शेवटी. दुपारी उभी राहिलेली दिंडी दहा पावलं जाते, थांबते, पुन्हा दहा पावलं. इसबावीपाशी शेवटचं उभं रिंगण. चालण्यापेक्षा या उभं राहण्यानेच कंबर आणि तळवे जास्त दुखतात. थांबल्या जागी टाचा वर-खाली कराव्यात, जागा असेल तर खाली बसावं. दुपारी पोटभर जेवून निघावं, बरोबर केळी-चिक्की ठेवावी, आणि शौचाला जाऊनच रांगेत उभं राहावं, मध्ये बाहेर पडलं की परत आत शिरणं कठीण. ज्याचे पाय पार उतरलेत त्याने संकोच न करता सकाळीच पुढे मठात किंवा चंद्रभागेपलीकडच्या पासष्ट एकरात, जिथे दिंडी उतरणार असेल तिथे, जाऊन थांबावं.

एकादशीला स्नान पहाटे, जीवरक्षक असतील त्याच घाटावर, कमरेइतक्याच पाण्यात. पात्रात वाळूउपशाचे खड्डे आहेत, एक पाऊल पुढे गेलं की तळ लागत नाही. मग नगरप्रदक्षिणा. दर्शनासाठी देऊळ या दिवसांत चोवीस तास उघडं असतं, देवाचा पलंगच काढलेला असतो. तरी पदस्पर्शाची रांग गोपाळपूरकडच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि पंधरा-वीस तासही लागतात. पाच दिवस चाललेल्या पायांनी त्या रांगेत उभं राहू नये, असं मी गटातल्या प्रत्येकाला सांगतो. मुखदर्शनाची रांग बरीच लवकर सरकते. तीही लांबली तर नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन घ्यावं. वारकऱ्यांत त्याला कमी लेखत नाहीत.

परतीला द्वादशीचं पारणं सोडून दुपारी निघावं. एसटी शहराबाहेर तात्पुरती यात्रा स्थानकं उभारते आणि प्रत्येक विभागाच्या गाड्या ठरलेल्या स्थानकावरून सुटतात. ठाण्याची गाडी कुठून, हे दशमीलाच विचारून ठेवावं, कारण चुकीच्या स्थानकावरून बरोबरच्या ठिकाणी जायला पुन्हा तीन-चार किलोमीटर चालणं येतं. रेल्वेने यायचं तर पंढरपूर-कुर्डुवाडी, आणि तिथून कल्याण-ठाण्याकडची गाडी. तिचं आरक्षण मात्र रजा मंजूर झाली त्याच दिवशी करावं.